आयटीआय, अप्रेंटिसशिप आणि आपल्या भागाचा विकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. माझी उमेदीची वर्षे कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, मशीन शॉपमध्ये गेली. त्यामुळे गावाकडची माणसे मुलांना घेऊन येतात आणि हक्काने विचारतात. अलीकडे सरपंच आणि छोट्या वर्कशॉपचे मालकही विचारू लागले आहेत. प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली. उदाहरणे बहुतेक कोल्हापूर-सांगली भागातली आहेत, कारण तो भाग मी आतून पाहिला आहे.

कौशल्य-प्रशिक्षणाने एखाद्या भागाची भरभराट होते म्हणतात. म्हणजे नेमके काय होते?

हे आकड्यांपेक्षा एका कास्टिंगवरून, म्हणजे ओतीव भागावरून, लवकर कळते. पाण्याच्या पंपाचा बिडाचा एक भाग घ्या. बीड थंड होताना आकसते, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मेकर आपला पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा पडतो तो नमुना, तेवढा मोठा करतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. त्यावर तो मशिनिंगसाठी काही मिलिमीटर मटेरियल जादा ठेवतो. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना बारीकसा उतारही देतो.

मग काम मोल्डरकडे, म्हणजे वाळूचा साचा करणाऱ्याकडे, जाते. वाळूत बेंटोनाइट (चिकट माती) आणि कोळशाची पूड मिसळलेली असते. जुना मोल्डर ती मुठीत दाबतो, मूठ उघडतो आणि गोळा मोडून बघतो. ओल कमी असली तर साचा ढासळतो. जास्त झाली तर वितळलेल्या लोखंडाचा रस ओतताना वाफ धरते आणि आत ब्लो होल, म्हणजे पोकळ छिद्रे, पडतात. भट्टीवरचा माणूस १४०० अंशांच्या आसपासचा रस लेडलमध्ये (ओतायच्या पात्रात) घेतो, आणि तो किती वेळात, किती संथ ओततो यावरही पुष्कळ अवलंबून असते. नंतर फेटलिंग (चिकटलेली वाळू आणि जादा कडा काढणे), आणि मग माल मशीन शॉपला.

आता खरी गोम सांगतो. ब्लो होल बऱ्याचदा वरून दिसत नाही. मशीनवर चढवून दोन कट मारले की तो उघडा पडतो. म्हणजे पॅटर्नवाल्याची, मोल्डरची, भट्टीची, फेटलिंगची आणि टर्नरची (लेथवर माल कापणाऱ्याची) मेहनत एका झटक्यात भंगारात. लोखंड पुन्हा वितळवता येते. वीज, मजुरी आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख परत मिळत नाही. समजा शंभरातले बारा नग जात होते आणि मोल्डर नीट शिकलेला असल्यामुळे ते चारावर आले. तर फायदा एकट्या फाउंड्रीचा (ओतकामाच्या कारखान्याचा) झाला नाही, पुढच्या चार शेडचाही झाला. एका शिकलेल्या हातामुळे शेजारच्या हाताच्या कामाची किंमत वाढते. मग पुण्याच्या कंपनीचा खरेदी अधिकारी ओतकामापासून फिनिशिंगपर्यंत सगळे काही मैलांच्या आत मिळते म्हणून ऑर्डर इकडे देतो. तो पैसा इथल्या पगारात, इथल्या किराणा दुकानात आणि इथल्या शाळेच्या फीमध्ये फिरतो. भरभराट म्हणजे हीच.

कोल्हापूरला हे एका रात्रीत जमलेले नाही. शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. पाणी आले, ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली. चरक दुरुस्त करायला, पाणी उपसायच्या ऑइल इंजिनचे भाग ओतायला माणसे लागली. इंजिन उघडून, बघून, तसेच्या तसे करून दाखवणारे मिस्त्री या मातीत तयार झाले. शिवाजी उद्यमनगर ही शहरातली कारखान्यांची वसाहत त्यातून उभी राहिली. नंतर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असा पट्टा पसरत गेला.

आधी कारखाना यावा की आधी कारागीर तयार व्हावेत?

सरपंच मंडळींचा हा आवडता प्रश्न. इतिहासात दोन्ही दिसते, पण भाग टिकाऊपणे वर आला तो दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालल्या तिथेच.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली निघाली. पुढची कित्येक वर्षे यंत्रे लँकेशायरची आणि मोक्याच्या जागांवर माणसेही बऱ्याच अंशी तिकडची. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, सुरू झाली आणि गिरण्यांना लागणारे ज्ञान इथल्या मुलांना इथेच मिळू लागले. त्याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर ड्रॉइंग शिकवत असत. बढती डावलली गेली तेव्हा ते बेळगावला आले, सायकलचे दुकान टाकले, मग लोखंडी नांगराकडे वळले. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्या माळावर तयार कामगार कोण मिळणार? आसपासच्या खेड्यांतली माणसे कामाला घेतली आणि हातात काम देऊन घडवली. कारखाना हीच त्यांची शाळा झाली. याच नांगराच्या विक्रीचे काम काही काळ कर्मवीर भाऊराव पाटील करत होते. पुढे रयत शिक्षण संस्थेत त्यांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवले. या दोन गोष्टी माझ्या मनात नेहमी शेजारी-शेजारी असतात.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचे उदाहरण उलट्या बाजूचे. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ च्या सुमारास तिथे आला आणि त्याच्यामागून सुटे भाग करणारे छोटे कारखाने उभे राहिले. पण डाय, जिग, फिक्श्चर (माल घडवायचे साचे आणि तो पकडायची साधने) करणारे हात नसतील तर असे कारखाने फक्त नट-बोल्ट जुळवत बसतात. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमने ती उणीव भरून काढायला मोठी मदत केली. टूल आणि डाय तयार करणारी मुले तिथे वर्षानुवर्षे शिकून बाहेर पडत आहेत.

तेव्हा सरपंचांना मी एवढेच सांगतो: एमआयडीसीसाठी निवेदन जरूर द्या, पण त्याच आठवड्यात तालुक्याच्या आयटीआयच्या प्राचार्यांनाही भेटून या.

आयटीआय म्हणजे कमी मार्कांच्या मुलांची जागा, असे लोक म्हणतात.

म्हणतात, आणि त्यात आपल्या समाजाचे फार नुकसान झाले आहे. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखायची सवय जुनी आहे. त्याच घरात मात्र इन्व्हर्टर बंद पडला की इलेक्ट्रिशियनची वाट चातकासारखी पाहतात.

केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू केली, शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ मध्ये केला. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळे. चांगल्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटरला प्रवेश मिळवायचा तर मार्क चांगलेच लागतात. गुणवत्ता यादी बघा, गैरसमज तिथेच दूर होईल.

कोणता ट्रेड घ्यावा?

‘सगळ्यात जास्त स्कोप कशाला?’ असे विचारू नका. ‘आमच्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर काय चालते?’ असे विचारा. शिरोली-गोकुळ शिरगावजवळ राहणाऱ्या मुलासाठी फाउंड्रीमन, टर्नर, मशिनिस्ट, फिटर हे सोन्यासारखे ट्रेड आहेत. त्यातला फाउंड्रीमन तर उष्णता आणि धुळीमुळे मुले टाळतात, आणि म्हणूनच त्यातल्या जाणकाराला मागणी असते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून तिथे मागाशी संबंधित प्रत्येक कौशल्याला काम आहे. आता साध्या मागांची जागा ऑटोलूम घेत आहेत, म्हणून तिथे इलेक्ट्रॉनिक्स समजणारा मेकॅनिक जास्त चालतो. कोकणात फळप्रक्रिया, रेफ्रिजरेशन, बोटींची इंजिने. द्राक्षांच्या पट्ट्यात शीतगृहांची देखभाल.

वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि डिझेल मेकॅनिक कुठेही उपाशी राहत नाहीत. संगणकाचा कोपा ट्रेड वाईट नाही, पण ‘एसीत बसून काम’ एवढ्याच कारणासाठी घेऊ नका.

आयटीआय केल्यावर पुढचे शिक्षण बंद होते का?

नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून बोर्डाचे दोन भाषा विषय दिले की बारावीची समकक्षता मिळते. ठरलेल्या अटींनुसार डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतो आणि तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. या वाटेने इंजिनिअर झालेला मुलगा ड्रॉइंग काढताना ‘हा कोपरा टूलला पोचेल का?’ असा विचार आपोआप करतो. राज्याचे स्वतंत्र कौशल्य विद्यापीठही झाले आहे. २०२४ पासून त्याला रतन टाटांचे नाव आहे.

मुलीला वेल्डर किंवा मशिनिस्टला घालावे का?

घाला. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात आणि अभियांत्रिकी ट्रेडमधल्या त्या जागा बऱ्याचदा भरत नाहीत. म्हणजे संधी रिकामी पडून आहे. टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्या जुळवणारी एक पूर्ण लाइन महिला चालवतात. सीएनसी मशीनला, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनला, ताकद लागत नाही. लागते ती नजर आणि सवयीची शिस्त. आमच्याकडे तपासणी विभागात मुली आल्या तेव्हा रजिस्टरमधल्या नोंदी पहिल्यांदा वाचता येऊ लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

खरी अडचण वेगळीच असते. दुसऱ्या पाळीनंतर घरी जायला बस नाही, शेडमध्ये वेगळे स्वच्छतागृह नाही. मुलीला विचारण्याआधी मालकांनी याचे उत्तर द्यायला हवे. ज्या वसाहतीत रात्री साडेअकराला बस मिळत नाही, तिथे निम्मे कौशल्य घरीच बसलेले असते.

अप्रेंटिसशिप म्हणजे काय? पैसे किती मिळतात?

कारखान्यात प्रत्यक्ष कामावर, ठरलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकणे. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. त्याला विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणानुसार किमान ५००० ते ९००० रुपये असे ठरले, आयटीआय झालेल्यासाठी ७०००. हे किमान आहे, त्याहून जास्त देणाऱ्या कंपन्या आहेत. ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या छोट्या वर्कशॉपला ते ऐच्छिक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार देते.

नोंदणी आणि करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर झाल्याशिवाय कुठेही ‘अप्रेंटिस’ म्हणून राहू नका. करार नसेल तर शेवटी परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. उरते ती फक्त स्वस्तातली मजुरी.

मी छोटा वर्कशॉपवाला आहे. पोरगा शिकवला की पळून जातो. मग शिकवायचा कशाला?

या प्रश्नामागे खरे दुखणे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी गोष्ट. मी शिकाऊ होतो तेव्हा एका कारखान्यात पहिले सात महिने मला फक्त बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) काढायला आणि माल मोजायला बसवले. लेथला हात लावायचा नाही, ‘टूल मोडशील’ म्हणायचे. एक वयस्क टर्नर होते. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, आपली भाकरी अर्धी ठेवून, मला टूल ग्राइंड करायला शिकवले. आधी लाकडाच्या काडीवर कोन कापून दाखवला, मग हायस्पीड स्टीलच्या तुकड्यावर. तुकडा निळा पडला की फेकून द्यायला लावायचे आणि पुन्हा सुरुवात. ते कारखाना सोडून गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात मीही सोडला. मी पळालो ते शिकल्यामुळे नाही, शिकणे बंद झाल्यामुळे.

मालकांनी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. पोराला सहा महिन्यांनी आपण नवे काय दिले? शिकल्यावर पगार वाढवला, की ‘कालपर्यंत झाडू मारत होता’ म्हणून तिथेच ठेवला? आणि न शिकवता ठेवलेला माणूस दहा वर्षे टिकला तर त्याने बिघडवलेल्या मालाचा हिशेब कधी केला का?

पळालेला मुलगा जातो कुठे, तेही बघा. बहुतेक वेळा तो दोन गल्ल्या सोडून जातो. पाच-सात वर्षांनी कर्ज काढून एक जुना लेथ घेतो आणि तुमच्याकडेच जॉबवर्क मागायला येतो. उद्यमनगरात अशा कितीतरी शेड आहेत, जिथला मालक कधीकाळी समोरच्याच शेडमध्ये मदतनीस होता. तुमची ऑर्डर वाढते तेव्हा हाच माणूस रात्रीतून तुमचा माल काढून देतो. तुम्हाला तोटा वाटला तो भागाच्या खात्यात जमा झाला आणि फिरून तुमच्याकडे आला.

एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून करा. एकाकडे लेथ, दुसऱ्याकडे व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग मशीन), तिसऱ्याकडे तपासणीची उपकरणे. मुले तीन-तीन महिने फिरवा. सगळ्यांनी एकाच वेळी ‘शेजारी शिकवील, मी उचलीन’ असे ठरवले तर शिकवणारे कोणी उरत नाही. आज आपल्या पट्ट्यात परप्रांतातून मोल्डर आणावे लागतात, त्यातली बरीच कारणे इथेच सापडतात.

सीएनसीच्या काळात आयटीआयमध्ये अजून फाइल घासायला का लावतात?

मुलांचा हा राग मला समजतो. फिटरच्या मुलाला सुरुवातीलाच माइल्ड स्टीलचा तुकडा देतात. तो व्हाइसमध्ये पकडायचा, बास्टर्ड फाइलने घासायचा, मग ट्राय-स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा. पाते आणि पृष्ठभाग यांच्यामधून उजेडाची रेघ दिसते तिथे खळगा आहे, म्हणजे बाकीची बाजू उतरवायची. पुन्हा घासा, पुन्हा बघा. तळहाताला फोड येतात. पहिल्या आठवड्यात पृष्ठभाग मधोमध फुगीर होतो, कारण फाइल हातात झोके खाते. खांदा, कोपर आणि पाय एका लयीत यायला दिवस लागतात.

यातून फाइल मारणे एवढेच येत नाही, धातू कळतो. एक शतांश मिलिमीटर म्हणजे काय ते बोटांना कळते. माणसाचा केस साधारण पाच ते दहा शतांश जाड असतो. असा मुलगा सीएनसीवर उभा राहिला की आवाज बदलल्यावर ओळखतो, इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) झिजला आहे. चीपचा (कापून निघालेल्या कीसाचा) रंग बघून कट जास्त झाल्याचे समजतो. माप दोन शतांशने सरकले तर ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) कुठे आणि किती द्यायचा याचा विचार करतो. नुसते बटण शिकलेला मुलगा तेव्हा सुपरवायझरला शोधत फिरतो आणि तोवर वीस नग गेलेले असतात.

मात्र दोन वर्षांत फाइलच घासली आणि सीएनसीचे तोंडही पाहिले नाही, तर ती फसवणूक आहे. दोन्ही हवे.

शिकलेली मुले पुण्याला, चाकणला जातात. मग आपल्या भागाला काय मिळते?

काही जण जातात आणि जाऊ द्यावेत. चाकणच्या मोठ्या प्लांटमध्ये पाच वर्षे काढलेला मुलगा गुणवत्ता तपासणी, कागदपत्रांची शिस्त, सुरक्षेचे नियम असे पुष्कळ घेऊन परततो. परत येणाऱ्यांनी आमच्या भागातल्या कितीतरी शेडचे रूप पालटले.

पण परत यायला कारण हवे. तिकडे खोलीभाडे आणि मेसचे पैसे जाऊन हातात उरते त्याच्या जवळपास जरी इथे मिळाले, तरी बहुतेकांना आईवडिलांजवळ राहायचे असते. आपल्याकडचे काही मालक पगाराचा विषय निघाला की ‘घरचं खातोय ना’ म्हणतात. मुलाच्या घरचे जेवण ही मालकाची सवलत कशी काय झाली? हे बदलल्याशिवाय आयटीआय कितीही काढा, मुले रेल्वेने पुढे जातच राहतील.

तीन महिन्यांचे अल्पमुदतीचे कोर्स चालतात का?

आधीच्या कौशल्यावर भर घालायला उत्तम. आर्क वेल्डिंग येणाऱ्याने टिग हा वेल्डिंगचा जास्त नाजूक प्रकार शिकावा, टर्नरने प्रोग्रॅमिंग शिकावे. कोरा मुलगा तीन महिन्यांत कारागीर होत नाही. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत असे अनेक कोर्स चालले. ज्यांच्या मागे ठरलेला मालक आणि ठरलेले काम होते, ते उपयोगी पडले. प्रमाणपत्राच्या फोटोवर जे संपले, ते संपलेच.

जर्मनीची पद्धत इतकी नावाजतात ती कशासाठी?

तिथे मुलगा आधी कंपनीशी करार करतो. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले व्यवसाय शाळेत, साधारण तीन ते साडेतीन वर्षे. परीक्षा उद्योगांची चेंबर घेते. म्हणजे शिकवणाऱ्याने स्वतःच पास करायचा प्रश्न येत नाही. पुढे ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद, झालेल्या कारागिराला समाजात मान असतो, तो स्वतःचे दुकान काढतो आणि पुढची पिढी शिकवतो. आपल्याकडेही आयटीआयमध्ये दुहेरी प्रशिक्षण पद्धत आली आहे. ती चालते कारखान्याच्या मनावर.

२०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, म्हणून पालक आता ‘पोरगं जर्मनीला जाईल का’ विचारतात. जर्मन भाषा खरोखर शिकायची तयारी असेल तर प्रयत्न करा. कोणा एजंटला मात्र पैसे देऊ नका.

आमच्या तालुक्यात उद्योगच नाही. दुष्काळी भाग आहे. मग?

मग पाबळ बघून या. शिरूर तालुक्यातले हे अवर्षणग्रस्त गाव डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुद्दाम निवडले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ते शास्त्रज्ञ होते, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आले. तिथे शाळा सोडलेली मुले वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, माती-पाणी परीक्षण असे सगळे करतात. आणि गावाचे खरे काम पैसे घेऊन करतात. गिऱ्हाईक समोर उभे असले की शिकणे लगेच पक्के होते. तोच अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेला.

उद्योग नाही म्हणता, पण तालुक्यात पाणबुडी मोटारी किती? ट्रॅक्टर किती? ठिबकचे पंप, आता सौर पंप किती? यातले बिघडलेले किती दिवस पडून असतात? ऐन पाण्याच्या वेळी मोटार जळली आणि रिवाइंडिंगसाठी ती जिल्ह्याच्या गावी न्यावी लागली, तर आठ दिवसांत मिरचीचा प्लॉट बसतो. गावातच रिवाइंडिंग करणारा एक चांगला माणूस असेल तर तो पीक वाचवतो. प्रादेशिक विकास म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे धुराडी येतात. मला मात्र तो रिवाइंडिंगवाला दिसतो.

पिढीजात कारागिरांचे काय? त्यांनाही प्रशिक्षण हवे का?

हुपरीची चांदी, कोल्हापुरी चप्पल ही कोणत्या संस्थेने शिकवलेली कौशल्ये नाहीत. घरात, आजोबांच्या शेजारी बसून आलेली आहेत. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मंडळींना कसब शिकवायला जाऊ नये. हिशेब, डिझाइन, ऑनलाइन विक्री, नवी हत्यारे इथे मदत द्यावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, कुंभार, चर्मकार, शिंपी अशा १८ व्यवसायांना प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. पात्र असाल तर जरूर घ्या.

आमच्या आयटीआयमधली मशीन जुनी आहेत, शिल्प निदेशकांच्या (शिकवणाऱ्यांच्या) जागा रिकाम्या आहेत. कोणाला सांगायचे?

प्रत्येक शासकीय आयटीआयला संस्था व्यवस्थापन समिती असते, हे फार थोड्यांना माहीत असते. २००७-०८ पासून केंद्राने देशातल्या १३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी रुपये बिनव्याजी कर्जाने दिले, आणि त्या समित्यांचे अध्यक्षपद उद्योजकांकडे दिले. पैसे कुठे खर्च झाले, बैठक शेवटची कधी झाली, अध्यक्ष कोण, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. २०२५ मध्ये देशातले १००० आयटीआय अद्ययावत करण्यासाठी ६०००० कोटींची नवी योजना मंजूर झाली, त्यातही उद्योगांचा वाटा आणि सहभाग अपेक्षित आहे. आपल्या भागातले उद्योजक पुढे आले नाहीत तर तो निधी दुसऱ्या भागाकडे जाईल.

रिकाम्या जागांबद्दल मला मनापासून वाईट वाटते. लेथ जुना असला तरी चालतो. शिकवणारा नसला तर मुलाची दोन वर्षे जातात, आणि ती वर्षे त्याला पुन्हा मिळत नाहीत. जागा भरेपर्यंत वसाहतीतल्या निवृत्त मिस्त्रींना तासिका तत्त्वावर बोलवायला प्राचार्यांना भाग पाडा. अशी माणसे गावोगाव कट्ट्यावर बसून आहेत आणि त्यांना शिकवायची हौस आहे.

प्रवेश कसा होतो?

दहावीच्या निकालाच्या सुमारास, राज्यभर एकत्रित ऑनलाइन पद्धतीने, फेऱ्यांमध्ये. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पासही चालते. दाखले आधीच काढून ठेवा, तहसीलच्या रांगेत बऱ्याच मुलांची पहिली फेरी जाते.

प्रवेशाच्या अर्जात संस्थांचे विकल्प भरण्याआधी चांगला आयटीआय ओळखायचा कसा?

मुलाला घेऊन प्रत्यक्ष जा, कामाच्या वेळी जा. ऑफिसात बसू नका, थेट वर्कशॉपकडे चला. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये ताजी चीप पडली आहे का ते बघा. गंजलेली असेल तर मशीन कधीची बंद आहे ते कळेल. ग्राइंडिंग व्हीलसमोर काचेचे संरक्षण आहे का? मुलांच्या पायात बूट आहेत की चपला? टूलच्या कपाटाची किल्ली निदेशकांच्या खिशात आहे की ‘स्टोअरकीपर सुट्टीवर आहेत’ असे ऐकायला मिळते? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) देऊन समोरच्या जॉबचे माप घ्यायला सांगा. तो ते न अडखळता वाचत असेल, आणि वाचण्याआधी जॉब पुसून घेत असेल, तर विकल्पात तो आयटीआय पहिला टाका.